पांढऱ्या थंडीच्या तारखा

बस चौकातल्या घड्याळाच्या गोलाला वळसा घालत होती. ठमी माझ्या खांद्यावर होती, लस टोचलेला पाय पोटाशी ओढून, रडून दमलेल्या म्हाताऱ्यासारखे सुस्कारे टाकत. आणि खिडकीतून मला माझा वाफा फुललेला दिसला. दोन तासांपूर्वी दवाखान्यात जाताना तो उघडा होता. काळी, हिवाळाभर निजलेली माती, मधोमध घड्याळाचा मनोरा, बाकी काही नाही. आता निम्मा गोल जांभळा झाला होता आणि उरलेल्या निम्म्यात माणसं प्लॅस्टिकच्या कुंड्या उलट्या करून फुलांसकट रोपं मातीत बसवत होती, खिळे ठोकावेत तशी. "थांबवा हो," मी ओरडले. "थांबा पुढं आहे, बाई," चालक मागं न बघता म्हणाला. "बाळ ओकतंय," मी म्हटलं. बाळ ओकत नव्हतं. पण माझा आवाज ऐकून ठमीनं असा काही उमाळा काढला, की समोरच्या बाईनं आपली पिशवी खालून उचलून मांडीवर घेतली आणि बस जागच्या जागी थांबली. साडेपाच महिन्यांच्या आयुष्यात माझ्या बाजूनं दिलेली तिची ही पहिली साक्ष, आणि तीही खोटी.

त्या दिवशी अकरा तारीख होती. तारीख डोक्यात पक्की होती म्हणून तर बस थांबवली. कठड्याशी वाकून मी एका पिटुनियाचं पान दोन बोटांत धरलं. मऊ, गर्द, पाण्यानं तट्ट फुगलेलं. देठ लांब, दाबला तर आत काहीच नाही असा. काचेखाली, उबेत, खत पाजून घाईनं फुलवलेलं रोप असं असतं. वारा म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. फुलं मात्र बशीएवढी. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मनोऱ्याच्या सावलीत कात्रीसाहेब उभे होते. बागखात्याचे अधीक्षक. फिती कापायची हौस आणि माणसं कापायचीही, म्हणून आम्ही बियांच्या खोलीतल्या दोघींनी त्यांना ठेवलेलं नाव. दोघी म्हणजे मी आणि चिमटीकाकू. आणि काकू निवृत्त झाल्यापासून गेली सहा वर्षं दोघी म्हणजे मीच.

"अरे वा, बाळंतीणबाई! आणि ही कोण? आमच्या खात्याची नवी माळीण?" त्यांनी ठमीच्या गालाला बोट लावलं. ठमीनं मान फिरवली.

"साहेब, अजून पांढरी थंडी बाकी आहे."

"कुठंय?" त्यांनी आभाळाकडं पाहिलं. छान ऊन पडलं होतं. कुंड्या उतरवणारा ट्रकवाला हसला.

"खोलीच्या दारावर लिहिलीय. अठ्ठावीसपर्यंत कधीही येऊ शकते."

"दार! बरं झालं आठवण केलीत. रंगवून घेतलं परवाच. फिकट हिरवं. खोलीतल्या मांडण्या काढल्या, आता तिथं समारंभाच्या खुर्च्या ठेवायच्या." मग ते आवाज खाली आणून, समजुतीनं बोलावं तसं म्हणाले, "वीस तारखेला हे घड्याळ पुन्हा सुरू होतंय, बाई. मोठे पाहुणे येणार. त्यांना काय माती दाखवू? आता रोपं फुललेलीच मिळतात. बी टाका, वाट बघा, कौतुक करा, गेले ते दिवस. तुम्ही एकोणतीसला रुजू होताय ना? तुम्हाला मोठ्या बागेची तिकीटखिडकी दिलीय. बसून काम. लेकुरवाळीला बरंच की."

बरंच की. हे दोन शब्द मी घरापर्यंत चालत नेले, ठमीच्या वजनासकट. दार रंगवलं. मला खोली गेल्याचं एवढं लागलं नाही, खुर्च्यांचंही नाही, दार लागलं. बियांच्या खोलीच्या दाराला आतल्या बाजूनं खिळ्याला सुतळीनं एक पेन्सिल बांधलेली असायची, आणि त्या दारावर, खिळ्यापासून खाली, एकाखाली एक तारखा होत्या. दरवर्षीच्या शेवटच्या पांढऱ्या थंडीच्या. पांढरी थंडी म्हणजे ज्या थंडीत सकाळी गवतावर मिठासारखी भुकटी पडते आणि कोवळ्या रोपाच्या अंगातलं पाणी आतल्या आत गोठून फुटतं. एकतीस तारखा. पंचवीस काकूंच्या हातच्या, सहा माझ्या. सगळ्यात लवकरची नऊ, सगळ्यात उशिराची अठ्ठावीस, एकाच महिन्यातल्या. काकू म्हणायच्या, "हवामानखात्याकडं यंत्रं आहेत, आपल्याकडं दार आहे." त्या दाराकडं पाठ करून मी कधी रोप बाहेर नेलं नाही. आणि आता ते फिकट हिरवं. पण एक गोष्ट कात्रीसाहेबांना ठाऊक नव्हती. ठमी पहिल्या महिन्यात झोपायचीच नाही, मला गाणी येत नाहीत, आवाज तर फुटक्या मडक्याचा. तेव्हा एकदा तिला थोपटताना काहीतरी म्हणायचं म्हणून मी दार म्हणायला लागले होते. चौदा, एकवीस, नऊ, सतरा, सतरा, तेवीस. वरपासून खालपर्यंत. अठ्ठावीसला पोहोचेपर्यंत ती अर्धी मिटलेली असायची. अंगाईचं काय, कशाचीही होते.

घरी आले तर सासूबाई खिडकीशी. आमच्या घरात तेव्हा चार खिडक्या होत्या आणि एकही बाहेर बघायला शिल्लक नव्हती. सगळ्यांच्या कट्ट्यांवर ट्रे होते. पिटुनिया, लोबेलिया, झिनिया, अॅस्टर. तीनशे चाळीस रोपं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो (आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, हा सगळ्या नातेवाइकांचा आवडता विनोद). त्यानं एका मोडीत निघालेल्या लिफ्टमधला आरसा आणून ट्रेच्या मागं उभा केला होता, म्हणजे रोपं उजेडासाठी एकाच बाजूला मान ताणत नाहीत. सासूबाईंनी पहिल्या दिवशी आरशात बघून कपाळावर हात मारला होता. "आधीच काय कमी होती, म्हणून आता दुप्पट?" रोज सकाळ-संध्याकाळ मी या रोपांच्या शेंड्यांवरून तळहात फिरवायची, वीस वेळा, हलका, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. त्यानं देठ बुटका आणि जाड होतो; रोपाला वाटतं वारा आलाय, तयारीत राहिलेलं बरं. "गोंजारा, गोंजारा," सासूबाई म्हणायच्या, "लेकीच्या डोक्याला तेल लावायचं राहिलंय अजून." पण एकदा मी अंघोळीहून आले, तर त्या स्वतःच अॅस्टरवरून हात फिरवत होत्या आणि ओठात पुटपुटत मोजत होत्या. मला बघून त्यांनी त्याच हातानं कट्टा पुसल्यासारखं केलं. आम्ही दोघींनी काहीच झालं नाही असं दाखवलं. संसार असाच चालतो.

कशासाठी पेरलं होतं मी? नवऱ्यानं विचारलं होतं, सरळ, कुत्सितपणा नव्हता त्यात. "रजेवर आहेस ना तू? मग?" मी झारी भरायला उठले होते. रजेच्या आदल्या दिवशी कात्रीसाहेबांनी उरलेली जुनी पाकिटं फेकून द्यायला सांगितली होती. मी फेकली. माझ्या पिशवीत. पुढं तीन महिने ती पाकिटं लंगोटांच्या कपाटात तळाशी पडून होती. त्या तीन महिन्यांतलं मला नीट काही आठवत नाही. दुधाचा आंबूस वास, दिवसा ओढलेले पडदे, आणि लोकांची ती एकच ओळ, आता काय, आता तुझं सगळं हिच्यातच. सगळं? मी ठमीच्या टाळूचा वास घेत बसायची तासन्‌तास, तिच्या एका नखावरून माझा जीव ओवाळून टाकायची, आणि तरी आत कुठंतरी एक बाई कोपऱ्यात स्टुलावर बसून विचारायची, सगळं? मग एका दुपारी मी पाकीट फोडलं. पिटुनियाचं बी म्हणजे बी नव्हेच, तपकीर. फुंकर नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. ते कोरड्या वाळूत मिसळायचं, दुमडलेल्या कागदाच्या घडीत घ्यायचं, आणि बोटानं टिचक्या मारत ट्रेवर उतरवायचं. वरून माती लोटायची नाही, त्याला उजेड लागतो. मी सगळं अगदी काकूंसारखं करत होते, ठमी मांडीवर, कागद हातात. आणि ठमी शिंकली. एवढीशी शिंक, पण कागदाच्या तोंडाशीच. पाकिटातलं अर्धं बी लोबेलियाच्या ट्रेत गेलं, उरलेलं कुठं गेलं ते पंधरा दिवसांनी कळलं. जिथं जिथं ओल होती तिथं तिथं ते उगवलं; सासूबाईंच्या कोरफडीच्या कुंडीत, गॅलरीच्या फरशीच्या फटीत, आणि एक तर न्हाणीच्या उंबऱ्याशी. त्या दिवशी मी किती महिन्यांनी हसले कुणास ठाऊक. हसता हसता दूध यायला लागलं आणि ठमी माझ्याकडं असं बघत होती, की ही बाई कोण.

या रोपांची सगळी जातच अर्धी काटक, चिमटीकाकू म्हणायच्या. उघड्यावर वाढतात, फुलतात, उन्हाळा गाजवतात, पण पांढरी थंडी सोसत नाहीत. "आपल्यासारखीच गं. कामाला वाघ, थंडीला शेळी." काकूंना कुणी चिमटीकाकू म्हणायला लागलं ते त्यांच्या उजव्या हाताच्या चिमटीमुळं. तिच्यातून धुळीसारखं बी असं सुटायचं, की एका ट्रेत दोन दाणे एकमेकांना शिवायचे नाहीत. मी नवीन होते तेव्हा पहिलं रोप सुटं करायला दिलं, तर मी ते देठाला धरून उचललं. काकूंनी माझ्या मनगटावर फटकन मारलं. "मानेला नाही! पानाला धर. पान गेलं तर दुसरं येतं. मान गेली की संपलं." मला त्यांच्या त्या फटक्याचा राग आला होता, घरी जाऊन मी रडलेही होते. आणि आता ठमीला अंघोळ घालताना, तिची ती लवलवती मान माझ्या तळहातावर असते तेव्हा, मनगटावर तिथंच काहीतरी चुरचुरतं. काकू निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोपाची भाषणं झाली, कात्रीसाहेबांनी फीत नव्हती म्हणून पुष्पगुच्छाची दोरीच कापली, आणि मग काकू मला खोलीत घेऊन गेल्या. पेन्सिलीला नवीन टोक काढलं. म्हणाल्या, "एक लक्षात ठेव. शेवटची थंडी शेवटची होती हे मागून कळतं. आदल्या दिवशी कुणी सांगू लागलं, तर त्याच्याकडं नुसतं बघून हसायचं." काकू आता नाहीत. त्यांच्या हातच्या पंचवीस तारखा फिकट हिरव्याखाली आहेत.

अकरा गेली, बारा गेली. बसनं जाणारी येणारी माणसं गोलाची छायाचित्रं काढत होती. नवरा संध्याकाळी येऊन म्हणाला, "दिसतंय मात्र झकास," आणि मग माझं तोंड बघून, "म्हणजे, लांबून." पंधराला सासूबाईंनी माझ्याकडं न बघता विचारलं, "नाही का येणार गं, तुझी थंडी?" सोळाला सकाळी मी जागी झाले ती खिडकीच्या काचेमुळं. काचेवर आतून नेच्याच्या पानांसारखी नक्षी होती. खाली उभ्या गाड्यांची टपं पांढरी. मी ठमीला तीन झबली, दोन टोपरी घातली, माझ्या शालीत गुंडाळली, आणि बाबागाडी ढकलत गोलावर गेले. ऊन नुकतंच वर येत होतं. आणि उजेड जसजसा वाफ्यावर सरकत होता तसतशी ती रोपं काळी पडत होती. आधी काचेसारखी पारदर्शक, मग मऊ, मग काळी. सगळा गोल. हवेत उकडलेल्या पाल्याचा वास. मला आनंद व्हायला हवा होता. मी तेवढ्यासाठीच तर आले होते, जरा खरं बोलायचं तर. पण एक पिटुनिया मी उचलला तर तो हातात तुटूनही आला नाही, नुसता ओघळला. त्यांचा काय दोष होता? त्यांना कुणी उबेबाहेर कधी तासभरसुद्धा नेलं नव्हतं. एकदम नेलं आणि ठोकून बसवलं, आणि वर म्हटलं, हसा. मी तिथं कठड्यावर बसून रडले. ठमी दोन टोपऱ्यांमधून बघत होती आणि तोंडातून वाफ काढून स्वतःच त्या वाफेला दचकत होती.

त्याच दुपारी कात्रीसाहेब तीन जिने चढून आमच्या दारात. धाप लागलेली. सासूबाईंनी खुर्ची पुसून दिली. ते बसले नाहीत. त्यांची नजर एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, आरशावर, परत पहिलीवर.

"किती आहेत?"

"तीनशे चाळीस."

"देवासारख्या भेटलात, बाई. अडीच-तीनशेत गोल भरतो. संध्याकाळी गाडी पाठवतो."

"अठ्ठावीसनंतर न्या."

"अहो, वीसला समारंभ आहे!"

"ती अजून एक तासही बाहेर गेलेली नाहीत, साहेब. उद्यापासून सवय लावणार. पहिल्या दिवशी एक तास, सावलीत. मग दोन. मग वारा. मग ऊन. बारा दिवस लागतात."

"हवामानखातं म्हणतंय, थंडी संपली."

"पंधरालाही तेच म्हणत होतं."

त्यांनी खिशातला रुमाल काढून मानेवरून फिरवला आणि अगदी वेगळ्या, साध्या आवाजात म्हणाले, "बरं, ऐका. खोली तुम्हाला देतो. लेखी. मांडण्या परत लावतो. खुर्च्यांचं बघू कुठं तरी. हवं तर ते दार खरवडून घेऊ. तिकीटखिडकी रद्द. फक्त वीसला मला गोल भरलेला पाहिजे." माझे हात कट्ट्यावर होते. डाव्या हाताच्या करंगळीला झिनियाचं एक पान लागत होतं, खरखरीत, मांजराच्या जिभेसारखं. खोली. दक्षिणेची मोठी खिडकी, ओल्या मातीचा वास, सुतळीला लोंबणारी पेन्सिल. बाकी सगळ्यांनी जिला एका पाळण्यात संपवून टाकलं होतं त्या बाईला बसायला पुन्हा एक स्टूल. एक हो म्हणायचं. आणि कदाचित जगतीलही, कुणी सांगावं? थंडी येईलच असं कुठं आहे? मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं, हे मी लपवणार नाही. तेवढ्यात तेच म्हणाले, "आणि रोपंच ना ती? मेली तर मेली. वीस तारीख निभली की झालं."

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"देणार नाही. अठ्ठावीसच्या आधी नाही."

ते सासूबाईंकडं वळले. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, काखेत ठमी, हातात पाण्याचा पेला. "आजी, तुम्ही तरी चार शब्द सांगा सुनेला."

"सांगितले असते," सासूबाई म्हणाल्या, "पण ती नाही म्हणाली तेव्हा मी इथंच होते. पाणी घ्या. तीन जिने उतरायचेत."

ते गेल्यावर मात्र सासूबाईंनी मला सोडलं नाही. "हातातोंडाशी आलेली खोली घालवलीस! मोठी आलीय तत्त्वाची. आता बस खिडकीत तिकिटं फाडत. आणि या जंगलाचं काय करायचं, सांग, लोणचं?" बोलता बोलता त्यांनी ठमीला माझ्याकडं दिलं आणि पिटुनियाचा ट्रे किंचित फिरवला, जेणेकरून कडेच्या रोपाला आरशातला उजेड मिळावा.

सतराला एक तास. अठराला दोन. नवरा कामावर जाण्याआधी ट्रे गॅलरीत मांडायचा, आम्ही दोघी घड्याळ बघून आत घ्यायचो, दुपारी ढग आले की पुन्हा एक फेरी. पाय दुखले, कंबर गेली, फरशीवर मातीचे ओघळ. गॅलरीच्या कठड्यावर मी एक बशी पाण्यानं भरून ठेवायची, सकाळी उठल्या उठल्या बोट घालून बघायला, की गोठलंय का. वीसला समारंभ झाला. काळा गोल हिरव्या जाजमाखाली झाकला होता म्हणे. आम्हाला घरी फक्त घड्याळाचे ठोके ऐकू आले, अकरा, आणि ठमी दचकून रडली. एकवीसला बशीतलं पाणी पाणीच. बावीसला पाणीच. तेवीसला इतकी ऊब, की शेजारणीनं खिडक्या उघड्या टाकल्या. मी बशीत बोट घातलं आणि मला कळलं की मला बर्फ हवा होता. तीनशे चाळीस रोपं बाहेर मांडून बसलेली मी, मला थंडी हवी होती. का, तर माझं खरं व्हावं. लाज वाटली. बशी ओतून टाकली, कोरफडीत. मग पुन्हा भरून ठेवली, कारण बघायला तर हवंच. सव्वीसला कात्रीसाहेबांचा फोन.

"आली का मग तुमची थंडी?"

"नाही आली."

"सोळालाच संपली की हो! वीसला लावली असती तर आज डोलत असती. कळलं ना? आता खोलीत खुर्च्या लागल्या, बाई."

"कळलं."

"मग? चुकलं म्हणा की."

मी गॅलरीकडं बघितलं. वारा होता. रोपांचे शेंडे हलत होते, देठ नाही. पानं घरात होती त्यापेक्षा लहान, जाड, कडेला थोडी जांभळट झालेली, उन्हातान्हात खेळलेल्या पोरांच्या गालांसारखी. "नाही चुकलं," मी म्हणाले. "अठ्ठावीसपर्यंत थांबायचं असतं. थांबले." फोन ठेवला. मी खोटं बोलले नव्हते. माझ्याजवळ कुणी पुन्हा सोळा तारीख आणून ठेवली, खोलीसकट, दारासकट, आणि हेही सांगितलं की थंडी येणार नाही, तरी, मेली तर मेली म्हणणाऱ्याच्या हातात मी ती दिली नसती. हे उत्तर कात्रीसाहेबांसाठी नव्हतंच. ते नवऱ्यासाठी होतं, कशासाठी पेरलंस, या त्याच्या सरळ प्रश्नासाठी, दोन महिन्यांनी.

एकोणतीसला माझी रुजू होण्याची वेळ नऊची. सहाला उजाडत होतं तेव्हा आम्ही गोलावर होतो. नवऱ्यानं मित्राची मागं उघडा हौदा असलेली गाडी आणली होती, ट्रे त्यात, ठमी बाबागाडीत, सासूबाई कठड्यावर पाय सोडून बसलेल्या. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून त्या ट्रेमधून रोप सुटं करून माझ्या हातात द्यायच्या. पानाला धरून. सांगावं लागलं नाही. परवानगी वगैरे कुणाची काढली नव्हती. माती सोळापासून तशीच होती, काळ्या लगद्यासकट. तोच आत मिसळला, त्याचंही खत होतं. कडेला लोबेलिया, मग अॅस्टर, मग झिनिया, मनोऱ्याभोवती पिटुनिया. लोबेलियाच्या रांगेत मधूनच एखादा पिटुनिया निघायचा, ठमीच्या शिंकेचा. नवरा म्हणाला, "हा काढू? रांग बिघडतेय." म्हटलं, "हात लावून तर बघ." निम्मं झालं असेल, तर चौकातला हवालदार आला. "काय चाललंय? कुठल्या विभागाच्या तुम्ही?" "बियांच्या," मी म्हणाले, मातीतून वर न बघता. तो पुढं काही विचारणार, एवढ्यात सासूबाईंनी त्याच्या हातात ट्रे दिला. "उभेच आहात तर धरा. आडवा नका करू. आणि मानेला नका धरू!" त्यानं धरला. पावणेनऊपर्यंत धरून उभा होता बिचारा.

गोल फुललेला नव्हता. एकही फूल नाही. नुसती हिरवी, बुटकी, एकमेकांपासून वीतभर अंतरावरची रोपं, मध्ये माती माती. बसमधली माणसं बघत होती आणि त्यांना काही दिसत नव्हतं. दिसेल. सहा आठवड्यांनी दिसेल. मी ठमीला कठड्याआड पाजलं, तिच्या टाळूला नाक लावलं, आणि तिला सासूबाईंच्या मांडीवर दिलं. ती रडली. मीही, कोपरा वळेपर्यंत. उद्या थोडं कमी रडू, परवा आणखी कमी, दोघीही.

तिकीटखिडकी म्हणजे एक लाकडी खोका. आत एक उंच स्टूल, एक पंखा, आणि समोर वर उचलून आकड्याला अडकवायची जाड फळी, फिकट हिरवी रंगवलेली. अर्थात. दहाला खिडकी उघडायची होती. फळी खालीच होती, आतली बाजू माझ्याकडं, कोरी. नखांत माती होती. पिशवीत ठमीच्या लंगोटाची नाडी सापडली, तिनं पेन्सिल बांधली आणि आकड्याला अडकवली. मग वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, हलक्या आवाजात, थोपटण्याच्या ठेक्यात, कारण मला त्या तशाच येतात. चौदा. एकवीस. नऊ. सतरा. सतरा. तेवीस. बाहेर लोक जमायला लागले होते, कुणीतरी फळीवर टकटक केलं, "अहो, उघडताय ना?" "उघडते," मी म्हणाले, "एक मिनिट." एकतिसावी लिहिली. तिच्याखाली यंदाची लिहिली, सोळा, जरा दाबून. मग फळी वर उचलली. ऊन एकदम आत आलं. फळी चांगली लांब आहे, खाली अजून पुष्कळ जागा आहे.